घरांतील आगगाड्यांचे अपघात

आगगाडीला अपघात झाल्याची वार्ता कानीं येतांच आपल्या काळजांत धस्स होतें. प्रथम विचार येतो तो आंत बसलेल्या माणसांचा. आणि मागाहून, घटकाभरानें, आपण विचारतों, 'चूक कोणाची?' आज मी ज्या अपघातांविषयीं बोलणार आहें त्यांत पहिल्या चिंतेचें कारण नाहीं. त्या गाड्यांत माणसें बसत नाहींत; बसलींच तर तीं बोटाच्या पेराएवढीं व रंगविलेलीं असतात. ह्या गाड्या घरांत धांवतात. जमिनीवर, टेबलावर, माळ्यावर, बंद केलेल्या गॅलरींत. त्या घसरतात, उलटतात, एकमेकींवर आदळतात, टेबलाच्या कडेवरून फरशीवर पडतात. परंतु दुसरा प्रश्न तेथेंही सुटत नाहीं. चूक कोणाची? मला असें वाटतें कीं, ह्या एका प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतांच खेळण्यांतील आगगाडीचा सारा इतिहास घडत गेला आहे.

हा विषय मला सुचला तो एका घरगुती तंट्यावरून. ठाण्यास माझी थोरली बहीण राहते. भाऊजींना लहानपणापासून आगगाडीचा नाद. नोकरी संभाळून, दोन वर्षें खपून, त्यांनीं पश्चिमेकडील गॅलरींत फळ्या ठोकून त्यांवर एक छोटा लोहमार्ग उभारला. ऐन थंडींत, डिसेंबरांत, त्यांनीं शेवटचे रूळ जोडले. सकाळीं कचेरींत जाण्यापूर्वीं अर्धा तास व रात्रीं जेवणानंतर तासभर ते गाडी चालवीत, आणि ती निर्वेध चाले. दुपारीं शाळेंतून आल्यावर त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा ती चालवी. चैत्र लागला आणि मालगाडी खिडकीजवळच्या वळणावर घसरूं लागली. ती घसरे नेमकी मुलाच्या हातून; बापाच्या हातून कधींच नाहीं. ह्यावरून भाऊजींनीं जो निष्कर्ष काढला तो आपणही काढला असतां. 'तूं फार वेगानें हांकतोस,' असें म्हणून त्यांनीं इंजिन कपाटांत ठेवून कुलूप लावलें. मुलगा म्हणे, 'बाबा, मीं हळूच चालविली होती.' त्यावर कोणाचा विश्वास बसेना. ह्या खटल्याचा निकाल मी शेवटीं सांगेन. तत्पूर्वीं हा आरोप किती जुना आहे तें पाहूं.

फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या लहानग्या राजपुत्रासाठीं सेंट क्लू येथील प्रासादाच्या उद्यानांत इंग्रजी आठाच्या आकाराचा एक छोटा लोहमार्ग मांडलेला होता. त्याचें १८५९ च्या सुमाराचें छायाचित्र उपलब्ध आहे. परंतु असे रूळ राजपुत्रांनाच मिळत. इतरांच्या मुलांना मिळत त्या रुळांवांचून धांवणाऱ्या गाड्या. इंग्लंडांत पितळेचीं छोटीं वाफेचीं इंजिनें विकत. पोटांत पाणी घालावयाचें, खालीं स्पिरिटचा दिवा लावावयाचा, आणि वाफ धरली कीं इंजिन जमिनीवर सोडून द्यावयाचें. तें गोल फिरावें म्हणून त्याचीं पुढचीं चाकें जराशीं तिरकीं बसविलेलीं असत. धांवतां धांवतां तें जमिनीवर पाण्याची ओली रेघ काढीत जाई. म्हणून इंग्रजींत त्याला 'ड्रिब्लर', म्हणजे लाळ गाळणारें, असें थट्टेचें नांव पडलें. रूळच नसल्यामुळें ह्या इंजिनाला रुळावरून घसरण्याचें भय नव्हतें. पण तें मेजाच्या पायावर आदळून उलटलें कीं पेटतें स्पिरिट गालिच्यावर सांडे. त्या काळचा अपघात म्हणजे खरोखरीचा अग्निप्रलय. आणि दोष सरळ इंजिनाचा.

मुलांच्या गाडीस घरोघर रूळ मिळाले ते जर्मनीमुळें. गोपिंगन गांवीं मेर्क्लिन नांवाच्या घराण्याचा पत्र्याच्या खेळण्यांचा धंदा होता. बाहुल्यांच्या स्वयंपाकघराचीं भांडीं करण्यापासून त्याचा आरंभ झाला होता. बाहुलीच्या घरांत आज एक पातेलें घ्यावें, पुढल्या वर्षीं चूल घ्यावी, अशी वाढ होत जाते, हें त्यांच्या नित्य पाहण्यांतलें. तीच कल्पना त्यांनीं आगगाडीस लाविली. १८९१ सालीं लाइप्झिगच्या वसंत जत्रेंत त्यांनीं चावीची गाडी मांडली, आणि तिच्यासवें सुटे रूळ मांडले. ते जोडीत जावें तसतसा मार्ग वाढत जाई. रुळांमधील अंतरांनाही त्यांनीं क्रमांक दिले. ह्या योजनेनें एक नवी मौज घरांत आली व तिच्यामागोमाग एक नवी आपत्तीही आली. कारण रूळ आले तेव्हांच गाडी रुळांवरून घसरूं लागली.

चावीच्या गाडीचें गणित थोडें समजून घेण्यासारखें आहे. पूर्ण किल्ली दिलेली कमान प्रथम सर्वांत अधिक जोर करते व उलगडत जातां जातां मंदावते. म्हणजे गाडी सोडतांच तिचा वेग सर्वांत अधिक. समजा, ती सेकंदास एक मीटर धांवली. खोलींत हा वेग फार वाटत नाहीं. पण गाडी खऱ्या गाडीच्या पंचेचाळिसाव्या हिश्शाएवढी असली, तर त्या प्रमाणांत हा वेग ताशीं १६० किलोमीटरांच्या घरांत जातो. त्या गाड्यांच्या रुळांत एक फूट त्रिज्येचींही वळणें असत. तें वळण खऱ्या मापांत अवघें ४५ फूट, म्हणजे चौदा मीटरांहूनही कमी त्रिज्येचें झालें. आपल्याकडील रुंदमापी मार्गावर १७५ मीटरांहून कमी त्रिज्येचें वळण ठेवीत नाहींत. अशा वळणावर त्या वेगानें गाडीला बाहेर लोटणारा जोर तिच्या वजनाच्या एक-तृतीयांश होतो. उंच व अरुंद गाडीस उलटून पडावयास तो जवळजवळ पुरतो. घरांतील वडील माणसें मात्र म्हणत, 'फार किल्ली दिलीस!' कमानीचा दोष मुलाच्या माथीं बसे. पुढें चांगल्या प्रतीच्या इंजिनांत वेग आवरणारें यंत्र बसविण्यांत आलें, तेव्हां कोठें हा आरोप थोडासा सैल झाला.

चावीनंतर वीज आली. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सिनसिनाटी येथील कार्लाइल अँड फिंच ह्या कारखान्यानें विजेवर चालणारी खेळण्यांतील गाडी काढली. १९०० सालीं न्यूयॉर्कमध्यें जोशुआ लायोनेल कोवेन यानें आपला धंदा सुरू केला; त्याची पहिली विजेची गाडी दुकानाच्या खिडकींत गिऱ्हाइकांचें लक्ष वेधण्यासाठीं होती. ह्याच कोवेननें बालपणीं लांकडाच्या इंजिनांत छोटें वाफेचें यंत्र बसविलें असतां तें फुटून स्वयंपाकघराच्या भिंतीवरील कागद खराब झाला, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा रचलेली असो, पुढें लक्षावधि मुलांच्या हातीं गाड्या देणाऱ्या माणसाचा आरंभ एका अपघातापासून झाला, असें लोकांना सांगावेंसें वाटलें, हेंच लक्षांत घेण्याजोगें आहे.

विजेनें वेग मुलाच्या मुठींत आणून दिला. पण धोक्याचें स्वरूप पालटलें. घरोघर दिव्यांची वीज येऊं लागल्यावर युरोपांतील कांहीं कारखान्यांनीं तीच वीज, मध्यें एक दिवा जोडून, रुळांत सोडण्याची युक्ति योजिली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्यानें १९२५ सालीं काढलेली पहिली विजेची गाडी ह्याच तऱ्हेची होती. घसरलेली गाडी मुलानें उचलून ठेवावी, हा ह्या खेळांतला सर्वांत स्वाभाविक प्रसंग. आणि त्याच क्षणीं त्याची बोटें घरच्या विजेनें भारलेल्या रुळांस लागण्याचा संभव. ही गोष्ट चालवून घेण्यासारखी नव्हती. १९२६ सालीं मेर्क्लिननें २० व्होल्टची पद्धति आणली आणि हळूहळू सर्वत्र ट्रान्सफॉर्मरनें दुबळी केलेली वीजच रुळांत खेळूं लागली. येथें प्रथमच सर्वांनीं मान्य केलें कीं, गाडी घसरणार आणि मूल तिला हात लावणार. मुलास रागें भरून तें टळणार नाहीं. म्हणून व्यवस्थाच अशी असावी कीं, घसरण्यानें कोणास इजा होऊं नये.

ह्यानंतरचा अध्याय मापांच्या गोंधळाचा आहे. प्रत्येक कारखान्याचें माप निराळें. रुळांमधील अंतर मोजावयाचें तें आंतल्या कडांपासून कीं रुळांच्या मध्यांपासून, यावरही एकवाक्यता नव्हती. लायोनेल कंपनीनें १९०६ मध्यें सव्वादोन इंचांस अष्टमांश कमी, असें एक स्वतंत्रच माप काढलें व त्याला 'स्टँडर्ड' असें नांव दिलें. जर्मन मापाची मोजणी समजण्यांत झालेल्या चुकीमुळें तें माप जन्मास आलें, असा एक प्रवाद आहे. मग घरें लहान होऊं लागलीं व गाड्याही लहान होऊं लागल्या. १९२२ त न्यूरेम्बर्गच्या बिंग कारखान्यानें सुमारें सोळा मिलिमीटर रुंदीच्या मार्गाची 'टेबलावरील रेल्वे' काढली. १९३५ त मेर्क्लिन व ट्रिक्स ह्यांच्या, आणि १९३८ त हॉर्नबीच्या डब्लो गाड्या त्याच सुमाराच्या मापांत निघाल्या. जमिनीवरची गाडी टेबलावर चढली. त्यामुळें बिचारीला पडण्यास अडीच फूट उंची मिळाली, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी कीं, माप लहान झालें तशी क्षमाही कमी झाली. चाकाची जी कड गाडीला रुळावर धरून ठेवते, ती ह्या छोट्या मापांतील पुढच्या काळच्या चाकांत सुमारें ०.६ मिलिमीटर उंचीची, म्हणजे पांचसहा कागदांच्या जाडीएवढी, असते. रुळावर पडलेला वाळूचा एक कण, सांध्याजवळ चिकटलेला रंगाचा एक थेंब, तिला वर उचलावयास पुरेसा होतो.

अशा वेळीं एकट्यानें विचार करून भागत नाहीं. १९३४ सालीं अमेरिकेंत मिलवॉकी शहरीं 'मॉडेल रेलरोडर' हें मासिक निघालें व पुढच्याच वर्षीं, १९३५ त, त्याच शहरीं छोट्या गाड्यांच्या शौकिनांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्यापुढील मुख्य काम एकच होतें. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर न घसरतां धांवली पाहिजे. इंग्लंडांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत असेंच एक मंडळ झालें, आणि युरोपांतील संघटना १९५४ सालीं एकत्र आल्या. ह्या मंडळींनीं घसरण्याचीं कारणें गोळा केलीं आणि त्यांत एक अपराधी वारंवार सांपडूं लागला; तो म्हणजे एका आंसावरील दोन चाकांच्या आंतील पाठींमधलें अंतर. साडेसोळा मिलिमीटरांच्या मार्गावर हें अंतर सुमारें साडेचौदा मिलिमीटर लागतें. तें अर्ध्या मिलिमीटरानें चुकलें, तर गाडी सरळ मार्गावर बिनतक्रार धांवते, परंतु सांध्यावर, जेथें एक रूळ दुसऱ्यास छेदतो तेथें, चाक भलत्याच फटींत शिरतें. मग लोक म्हणतात, सांधा वाईट. सांधा उखडून नवा बसवितात, आणि डबा पुन्हा तेथेंच घसरतो. ह्यासाठीं धातूची एक लहानशी पट्टी निघाली. ती चाकांत व रुळांत घालून पाहिली कीं खरें-खोटें कळतें. माझ्या मतें ह्या छंदाच्या इतिहासांत त्या पट्टीएवढें महत्त्वाचें दुसरें हत्यार नाहीं. तिनें वादाच्या जागीं मापन आणलें.

दुसरा अपराधी म्हणजे वजन. सर्व कांहीं सत्त्याऐंशींपट लहान केलें, म्हणून सृष्टीचे नियम लहान होत नाहींत. लांबी सत्त्याऐंशीपट कमी झाली कीं आकारमान साडेसहा लक्षांहून अधिक पट कमी होतें. वीस टनांची रिकामी वाघीण ह्या हिशेबानें अवघी तीस ग्रॅम भरेल. एवढ्या हलक्या डब्यास इंजिनाचा हिसका बसला, कीं तो वळणावर आंतल्या बाजूस ओढला जाऊन रुळावरून उचलला जातो. म्हणून अमेरिकन संघटनेनें ह्या मापाच्या डब्यांसाठीं सूत्र घालून दिलें: मूळ एक औंस, आणि लांबीच्या प्रत्येक इंचास अर्धा औंस. सहा इंचांचा डबा चार औंस, म्हणजे सुमारें ११३ ग्रॅम झाला. प्रमाणबद्ध वजनाच्या तिपटीहून अधिक. दिसण्यांत हुबेहूब असलेली गाडी चालण्यांतही खऱ्यासारखी व्हावयाची, तर तिच्या पोटांत शिशाचे तुकडे लपवावे लागतात.

चढणीचें तसेंच. आपल्या बोरघाटांतून १८६३ सालीं लोहमार्ग खुला झाला, त्याची चढण सदतिसास एक अशी होती व ती अत्यंत बिकट समजली गेली. घरांतील मार्गांवर जागेच्या अभावीं पंचविसास एक अशी चढणही सर्रास घालतात. तेथें डब्यांमधील आंकडा सुटला कीं मागचे डबे उतारावरून धांवत सुटतात. खऱ्या घाटांत अशा सुटलेल्या गाडीला अडविण्यासाठीं उलट चढणीचा एक आडमार्ग ठेवीत. घरांत टेबलाच्या कडेस बोटभर उंचीची पारदर्शक पट्टी लावतात. उपाय निराळे, पण बुद्धि एकच: गाडी केव्हांतरी सुटणार, हें गृहीत धरावयाचें.

कांहीं दोष तर वर्षानुवर्षें धातूच्या पोटांत झोंपून राहिलेले असत. दोन महायुद्धांच्या दरम्यान जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव चाकांचा प्रसार झाला. त्या जस्तांत शिशाची अल्प भेसळ राहून गेली, तर कांहीं वर्षांनीं तो धातू फुगतो, तडकतो व बिस्किटासारखा भुगा होतो. आजोबांची जपून ठेवलेली गाडी नातवानें हौसेनें रुळावर ठेवावी आणि तिचें चाक फुटावें, असे प्रसंग त्यामुळें घडले. तेथें बोल कोणाला लावावा? ना आजोबांना, ना नातवाला.

श्रोतेहो, अपघात पाहण्याची माणसाला एक गुप्त हौस असते, हेंही मान्य केलें पाहिजे. अमेरिकेंत टेक्ससमध्यें क्रश नांवाच्या तात्पुरत्या गांवीं १८९६ च्या सप्टेंबरांत दोन खरीं इंजिनें मुद्दाम समोरासमोर सोडून त्यांची टक्कर हजारों लोकांना दाखविण्यांत आली. दोन्ही बॉयलर फुटले आणि पाहणाऱ्यांतील माणसें प्राणांस मुकलीं. ती हौस खेळण्यांत उतरली, ती मात्र निरुपद्रवी झाली. १९५९ सालीं लायोनेल कंपनीनें नेम लागतांच पांची बाजूंनीं उघडून पडणारा मालडबा विकावयास काढला. तुकडे जुळविले कीं तो पुन्हा उभा. १९६४ सालीं अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर आलेल्या 'ॲडम्स फॅमिली' ह्या मालिकेंत घरचा यजमानच आपल्या छोट्या गाड्यांची टक्कर लावून आनंदित होतो. परंतु खरा शौकीन ह्या हौसेनें फार काळ भुलत नाहीं. त्याला टक्कर पाहण्यापेक्षां ती कां झाली हें समजण्यांत अधिक रस असतो.

ह्याची साक्ष मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत, म्हणजे एम.आय.टी.मध्यें, मिळते. तेथील विद्यार्थ्यांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच छोट्या रेल्वेचें एक मंडळ काढलें. त्यांच्या अवाढव्य मार्गाभोवतीं ठिकठिकाणीं बटणें बसविलेलीं होतीं. एखादी गाडी अडथळ्यावर आदळणार असें दिसलें, कीं जवळ असेल त्यानें बटण दाबावें. सर्व वीज बंद होई. त्याच वेळीं नियंत्रकाच्या फळ्यावरील घड्याळ थांबे आणि वेळेच्या जागीं 'फू' अशीं अक्षरें उमटत. ह्याच मंडळांतील मुलें पुढें संगणकाकडे वळलीं, व आजही संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे लोक उदाहरणादाखल 'फू' हा शब्द सर्रास वापरतात. बटण दाबणाऱ्यास कोणी दोष देत नसे. घड्याळ थांबे, गाडी सोडवीत, आणि घड्याळ पुन्हा चालू होई.

आज वीज अंकांच्या संदेशांनीं नियंत्रित होते. ही पद्धति १९९० च्या दशकांत सर्वमान्य झाली. तीमुळें जुना धोका नव्या वेषानें परत आला आहे. घसरलेल्या डब्याचें लोखंडी चाक दोन्ही रुळांना एकदम टेकलें, कीं वीज जवळच्या मार्गानें वाहूं लागते. पांच ॲम्पियर आणि पंधरा व्होल्ट म्हणजे पंचाहत्तर वॅट उष्णता एका लहानशा जागीं एकवटते, आणि प्लास्टिक वितळतें. म्हणून जाणते लोक रुळांवर जागोजाग नाणें ठेवून पाहतात: वीज तत्काळ बंद पडली तर मार्ग ठीक, न पडली तर तारा जाड घालाव्या. स्वतः होऊन छोटा अपघात घडवून मोठा टाळण्याची ही रीत आहे.

आणि तरीही सर्व कांहीं आपल्या हातीं नसतें. कॅलिफोर्नियांत मॉन्टेरे येथें जॉन ॲलन नांवाच्या छायाचित्रकारानें आपल्या घराच्या तळघरांत एक लोहमार्ग उभारला होता. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, दऱ्या व पूल. त्याचें नांव 'गोर अँड डॅफिटिड'. उच्चार ऐकला कीं इंग्रजींत 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असा विनोदी अर्थ निघे. त्या मार्गाचीं छायाचित्रें जगभरच्या शौकिनांनीं पाहिलीं व त्यांवरून पुष्कळजण शिकले. १९७३ च्या जानेवारींत ॲलनचें हृदयविकारानें निधन झालें, आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आंत घरास आग लागून जवळजवळ वीस वर्षांचें तें काम नष्ट झालें. राहिलीं तीं छायाचित्रें, लेख आणि त्यानें दुसऱ्यांस शिकविलेलें. हा अपघात कोणत्याही पट्टीनें मोजण्यासारखा नाहीं.

आपल्याकडे हा छंद थोड्यांचाच राहिला. पुण्यांत कोथरूडला भाऊ जोशी यांनीं उभारलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय १९९८ पासून लोकांना ठाऊक आहे. आपल्या हवेचे स्वतःचे असे उपद्रव आहेत. पावसाळ्यांत फळ्या फुगतात व रुळांवर काळपट थर चढतो. उन्हाळ्यांत धूळ बसते. आणि आणखी एक गोष्ट घडते, तिनें मी पुन्हा ठाण्याच्या त्या गॅलरींत येतों.

इंजिन कपाटांत गेलें तरी मुलानें एक काम करून ठेवलें होतें. प्रत्येक वेळीं गाडी घसरली कीं तो एका वहींत तारीख, वेळ, जागा आणि कोणता डबा, हें लिहून ठेवी. मीं ती वही पाहिली. एकोणीस नोंदी होत्या. डबे निरनिराळे, जागा एकच. आणि एकूणएक वेळ दुपारीं तीन ते पांचमधली. मीं भाऊजींना म्हटलें, 'भाऊजी, एका रविवारीं दुपारीं आपण स्वतः चालवून पाहा.' त्यांनीं इंजिन बाहेर काढलें, साडेतीन वाजतां अगदीं हळू सोडलें, आणि गाडी खिडकीजवळ उलटली. रुळावर डोळा लावून पाहिलें तों उन्हांत तापलेला रूळ किंचित् बाहेर वांकलेला. ते रूळ जर्मन सिल्व्हरचे. तीन मीटर लांबीचा असा रूळ पंचवीस अंशांनीं तापला कीं सव्वा मिलिमीटर वाढतो. डिसेंबरच्या थंडींत भाऊजींनीं रूळ टोकास टोक भिडवून जोडले होते. वाढावयास जागाच ठेविली नव्हती. सकाळीं व रात्रीं रूळ थंड, म्हणून बापाची गाडी चाले. दुपारीं तापलेला, म्हणून मुलाची घसरे.

इंग्लंडांत १८४० पासून रेल्वेच्या अपघातांची चौकशी करण्यासाठीं सरकारी निरीक्षक नेमूं लागले. त्यांच्या चौकशीचा पहिला धडा असा कीं, गाडी शेवटीं ज्याच्या हातीं होती त्याच्यापाशींच थांबूं नये. रूळ पाहावा, चाक मोजावें, घड्याळ पाहावें. मोठ्या रेल्वेंत हा धडा माणसांच्या प्राणांची किंमत देऊन शिकावा लागला. घरांतल्या रेल्वेंत तो एका कुलुपाच्या व थोड्या अश्रूंच्या किमतींत शिकतां येतो, आणि म्हणूनच हा खेळ मला खेळापेक्षां कांहींसा अधिक वाटतो.

भाऊजींनीं त्या दिवशीं बारीक करवतीनें रुळांच्या जोडांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढ्या फटी केल्या. काम संपल्यावर ते मुलास म्हणाले, 'बाळा, तूं हळूच चालवीत होतास. चूक माझी होती.' कपाटाची किल्ली त्यांनीं त्याच्याच हातीं दिली. वही अजून गॅलरींत टांगलेली आहे. विसावी नोंद पावसाळ्यांत झाली. ती फुगलेल्या फळीमुळें, आणि ती दोघांनीं मिळून लिहिली.